नीटचा निकाल लागला. एमबीबीएस मिळेल की नाही, हे नेमकं कशावरून ओळखायचं? (महाराष्ट्र, २०२५)

मृणाल_का

नमस्कार. १४ जूनला निकाल लागला. मुलीला ५०२ गुण आहेत, ऑल इंडिया रँक पन्नास हजारांच्या किंचित अलीकडे. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच.

निकालापासून घरात प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. दीर म्हणतात, "९७ पर्सेंटाइल आहेत, कुठेही मिळेल." क्लासचे सर म्हणतात, "काठावर आहे, काउन्सेलिंगचं पॅकेज घेऊन टाका." शेजारच्या काकूंच्या मुलाला गेल्या वर्षी ६१० असूनही सरकारी कॉलेज मिळालं नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं, "५०२ ला काही होत नाही, रिपीटच करू दे." मुलगी फारसं बोलत नाही, पण रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर कॉलेज प्रेडिक्टर बघत बसते. प्रत्येक अ‍ॅप वेगळं उत्तर देतं.

मला कुणाचा धीर नकोय, पद्धत हवी आहे. कोणता आकडा कशाशी ताडून बघायचा?

सदानंद_मास्तर

मृणालताई, प्रश्न अगदी बरोबर विचारलात. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे दर जून-जुलैत हेच काम असतं. सविस्तर लिहितो.

आधी काकूंचं उदाहरण बाजूला ठेवा. २०२४ आणि २०२५ च्या गुणांची तुलनाच होत नाही. २०२४ ला पेपर सोपा गेला आणि गुणांचा पूर आला. ६०० गुणांना रँक ऐंशी हजारांच्या आसपास होती. यंदा भौतिकशास्त्राने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. देशात सर्वाधिक गुण ६८६ आणि ६०० च्या वर असलेली मुलं जेमतेम १,३००. म्हणजे यंदाचे ५०२ हे गेल्या वर्षीच्या ६१० पेक्षा रँकने बरेच वर आहेत. गुण विसरा, रँक धरा.

आता पर्सेंटाइल. यंदा सुमारे २२ लाख ९ हजार मुलं परीक्षेला बसली. त्यातला एक टक्का म्हणजे २२ हजार. ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे २२ हजार मुलं, ९७ म्हणजे ६६ हजार. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १८ हजार, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी व डीम्ड (म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या) कॉलेजांत. ऐकायला भारी वाटणारा पर्सेंटाइल इथे काही सांगत नाही. तीच गोष्ट 'क्वालिफाय'ची. यंदा खुल्या प्रवर्गाचं पात्रता कट-ऑफ १४४ होतं आणि साडेबारा लाखांच्या आसपास मुलं पात्र ठरली. पात्र म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी.

रांगा दोन आहेत. सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते. एम्स, जिपमर या केंद्रीय संस्था आणि डीम्ड विद्यापीठंही तिकडेच. उरलेल्या ८५ टक्के आणि राज्यातली खासगी कॉलेजं आपला सीईटी सेल (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) भरतो. अखिल भारतीय कोट्यात खुल्या प्रवर्गाची पहिली फेरी गेल्या वर्षी वीस हजार रँकच्या आत संपली. ओबीसीचा आकडा त्याच्या जवळपासच राहतो, फार खाली जात नाही. म्हणून ताईंच्या मुलीसाठी खरी लढाई राज्याच्या ८५ टक्क्यांत आहे. एमसीसीची नोंदणी तरीही करा.

हिरवा_चाफा

खूप उपयोगी. पण राज्याच्या कोट्यात एआयआरवरून (ऑल इंडिया रँकवरून) अंदाज कसा लावायचा? सीईटी सेलच्या याद्यांमध्ये एसएमएल नंबर असतो, तो वेगळाच दिसतो.

सदानंद_मास्तर

@हिरवा_चाफा, तिकडेच येत होतो.

एसएमएल म्हणजे स्टेट मेरिट लिस्टमधला क्रमांक. राज्यात नोंदणी केलेल्या मुलांनाच तो मिळतो, म्हणून एआयआरपेक्षा खूप लहान असतो. यंदाची यादी लागायची आहे, तोवर असं करा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून २०२४ ची दोन पीडीएफ घ्या: स्टेट मेरिट लिस्ट आणि शेवटच्या फेरीची सिलेक्शन लिस्ट. मेरिट लिस्टमध्ये तुमच्या एआयआरच्या जवळचा एआयआर शोधा आणि त्यापुढचा एसएमएल लिहून घ्या. हा झाला तुमचा अंदाजे एसएमएल. मग सिलेक्शन लिस्टमध्ये सरकारी कॉलेज मिळालेला शेवटचा मुलगा कोणत्या एसएमएलवर आहे ते बघा.

सिलेक्शन लिस्ट वाचताना पालक हमखास एका ठिकाणी फसतात, म्हणून एक ओळ उलगडून सांगतो. ओळीत एसएमएल, एआयआर, नाव, लिंग, मग कॅटेगरी, मग कोटा आणि शेवटी कॉलेज असतं. कॅटेगरी म्हणजे मुलाचा प्रवर्ग. कोटा म्हणजे त्याला जागा कशातून मिळाली ते. एखाद्या ओळीत कॅटेगरी ओबीसी पण कोटा ओपन दिसेल. त्या मुलाने खुल्या गुणवत्तेवर जागा घेतली, ओबीसीची जागा शिल्लकच राहिली. म्हणून ओबीसीचं कट-ऑफ काढताना कोट्याच्या रकान्यात ओबीसी असलेल्या ओळींपैकी सर्वांत खालची बघायची. त्यातही डिफेन्स, दिव्यांग, हिल एरियाच्या ओळी वेगळ्या काढा. त्या खूप खालच्या क्रमांकावर असतात आणि आपल्याला उगाच आशा लावतात. कोट्याला डब्ल्यू जोडलेला असेल तर ती मुलींसाठीच्या ३० टक्क्यांतली जागा. अनेक कॉलेजांत मुली गुणवत्तेवरच इतक्या येतात की या आरक्षणाचा वेगळा फायदा दिसत नाही, पण ओळ तपासून बघावी.

दुसरी गोष्ट, पहिल्या फेरीच्या यादीवर निराश होऊ नका. वरच्या क्रमांकांची मुलं एम्सला जातात, पुण्याच्या एएफएमसीला (सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात) जातात, अखिल भारतीय कोट्यातून दुसरीकडे जातात. त्यांच्या जागा मोकळ्या होतात आणि यादी फेरीगणिक खाली सरकते. तुलना नेहमी शेवटच्या फेरीशी करायची.

यंदाची मेरिट लिस्ट लागली की एआयआर सोडून द्या आणि एसएमएलची तुलना एसएमएलशीच करा. देशातल्या पहिल्या पन्नास हजारांत महाराष्ट्राची मुलं दर वर्षी सारखी नसतात. पेपर अवघड गेला की हे प्रमाण हलतं. एसएमएलमध्ये तो फरक आपोआप येतो.

गणेश_ल

मास्तरांना अनुमोदन. एक भर घालतो: २०२० च्या आधीच्या याद्या उघडूच नका. तोपर्यंत ७०:३० चं प्रादेशिक आरक्षण होतं (७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना), विदर्भ-मराठवाड्याच्या कॉलेजांची कट-ऑफ वेगळी लागायची. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. अजूनही काही जण "लातूरला एवढ्याला मिळतं" असं जुन्या आकड्यांवरून सांगतात.

२०२३ ची यादीसुद्धा जपून वापरा. २०२४ ला राज्यात १० नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. सुमारे ९०० जागा वाढल्या. काठावरच्या मुलांसाठी हा आकडा फार मोठा आहे.

नीलाक्षी_प

ताई, खासगीचाही विचार करणार आहात का? शक्यता मोजताना पैशांचं गणितही तितकंच मोठं आहे, म्हणून विचारते.

राज्यातल्या खासगी कॉलेजांची यादी सरकारीपेक्षा बरीच पुढे जाते. तुमच्या रँकला तिथे दार उघडं असेल असं माझं मत आहे. फी कॉलेजगणिक वेगळी, ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. सरकारीपेक्षा कितीतरी पट असते. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासा: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. इन्स्टिट्यूशनल कोटा (खासगी कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या जागा) आणि डीम्ड त्यात येत नाहीत. होस्टेल, मेस, अनामत हे खर्च उरतातच.

डीम्डची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या वर आहे आणि एमसीसीकडे डीम्डसाठी २ लाखांची अनामत भरावी लागते. साडेचार वर्षांची फी एकत्र मांडून, कर्जाचा हप्ता काढून मगच त्या यादीकडे बघा. "सीट मिळतेय ना, मग सोडायची कशाला" या भरात घर विकलेली माणसं बघितली आहेत.

मृणाल_का

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, नीलाक्षी, ही माहिती आम्हाला नव्हतीच.

काल रात्री मुलीला शेजारी बसवून दोन्ही पीडीएफ उघडल्या. कोटा आणि कॅटेगरीचा फरक कळल्यावर तिने स्वतःच वही घेतली आणि सरकारी कॉलेजांच्या कोटा-ओबीसीच्या शेवटच्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या. नव्या कॉलेजांच्या आकड्यांशी आम्ही अगदी जवळ आहोत, कुठे थोडे आत, कुठे थोडे बाहेर. मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांपासून लांब.

आता दोन प्रश्न. नवीन कॉलेज घ्यावं का? की वर्षभर थांबून परत परीक्षा द्यावी?

डॉ_शलाका

मी सध्या सरकारी रुग्णालयात रेसिडेन्सी करतेय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

नवीन सरकारी कॉलेज जरूर घ्या. तिथे अडचणी आहेत: प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, होस्टेल अपुरं, कुठे इमारत अजून पूर्ण नाही. पहिली दोन वर्षं मुलांना शरीररचनाशास्त्राच्या डिसेक्शनपासून ग्रंथालयापर्यंत जाणवतात. पण यातली बहुतेक कॉलेजं जिल्हा रुग्णालयांना जोडलेली आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात पेशंट कमी नसतात. तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात उभं राहायला लागलं की शिकायला पेशंट लागतो. सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण, क्षयरोग, हे सगळं तिथे रोज येतं. गुळगुळीत इमारतीच्या काही खासगी कॉलेजांत विद्यार्थी जास्त आणि खाटा रिकाम्या अशी स्थिती मी पाहिली आहे. खासगी निवडताना ओपीडीच्या वेळी स्वतः जाऊन बसा. केसपेपरची रांग बघा, वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत ते बघा. माहितीपत्रकात हे कळत नाही.

सरकारीतून एमबीबीएस केलं की एक वर्षाची शासकीय सेवा आहे, नाही केली तर १० लाखांचा दंड. माझ्या मते ते वर्ष करावंच, खूप शिकवतं.

अथर्व_रिपीटर

दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण मी रिपीट करून यंदा दिली आहे आणि माझे गुण वाढलेत. तरीसुद्धा सगळ्यांना रिपीट करा असं मी म्हणणार नाही.

एकूण गुणांवरून हा निर्णय घेऊ नका, काकू. ओएमआरची (उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका काढा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीन गटांत टाका: आलंच नाही म्हणून सोडला, येत होतं पण चुकला, अंदाजाने ठोकला. चुकीचं उत्तर म्हणजे मिळणारे ४ गेले आणि वर १ कापला, एका प्रश्नामागे ५ गुणांचा फरक. जीवशास्त्र ३६० पैकी ३०० च्या पुढे असेल आणि गळती भौतिकशास्त्रात, तीही दोन-चार ठरावीक धड्यांत असेल, तर वर्षभरात ते भरून निघू शकतं. गळती सगळ्या विषयांत थोडी थोडी असेल तर तेवढ्याच अभ्यासाने पुढच्या वर्षी तेवढेच गुण येतात. मी हे कितीतरी मित्रांच्या बाबतीत बघितलं.

आणि हे सगळं सरकारी जागा मिळाली नाही तर. मिळाली तर जुन्या नामांकित कॉलेजसाठी ती सोडून वर्ष घालवायचं, हे मला अजिबात पटत नाही. पुढच्या वर्षी पेपर कसा असेल कुणाला माहीत? २०२४ नंतर २०२५ असं येईल हे कुणी सांगितलं होतं?

रिपीट करणाऱ्याला घरातली माणसं रोज "अभ्यास झाला का" विचारतात. ते नका विचारू. जेवायला बोलवा फक्त.

सदानंद_मास्तर

अथर्व, फार छान लिहिलंस.

ताई, पसंतीक्रमाबद्दल दोन शब्द. मुलीला खरोखर जे कॉलेज जास्त हवं ते वर. कट-ऑफ बघून "हे मिळणारच नाही" म्हणत वरची नावं गाळू नका. वरचं नाव लिहिल्याने खालच्या नावाची संधी कमी होत नाही. यंत्रणा तुमच्या क्रमांकाला वरून खाली बघत येते आणि पहिली उपलब्ध जागा देते. उलट जिथे जायचंच नाही ते कॉलेज मात्र लिहू नका. नको असलेली जागा पदरात पडली की पुढच्या फेरीतले नियम आड येतात, आणि ते फेरीगणिक कडक होत जातात. एमसीसीत पहिल्या फेरीची जागा सोडली तर काही जात नाही, दुसरीत अनामत जप्त होते, तिसरीपासून बाहेर पडणं महागात पडतं. राज्यात जागा मिळाल्यावर कॉलेज स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म पुढे करेल. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. समाधान असेल तरच सही करा. घाईत, क्लार्कने सांगितलं म्हणून, नाही.

पॅकेजचं म्हणाल तर, जे काम तुमच्या मुलीने काल रात्री वहीत केलं, त्यापेक्षा जास्त त्यात काही नसतं. आणि कुणी "मॅनेजमेंटची सीट करून देतो" म्हणत आला तर दारातूनच परत पाठवा. इन्स्टिट्यूशनल कोट्यालाही नीटचा क्रमांक लागतोच.

गणेश_ल

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही अजून. गुण असून प्रवर्गाची जागा हातची जाते ती इथे.

माझ्या मुलीची जात पडताळणी एका कार्यालयात महिनोन्‌महिने अडकली. अर्ज पूर्ण, कागद पूर्ण, फाइल हलेना. तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला पुन्हा मागितला, मग पुन्हा. पहिल्या फेरीच्या अगदी तोंडावर प्रमाणपत्र हातात आलं. तोवर घरात कुणाला जेवण गेलं नाही. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा असं मी आता प्रत्येक पालकाला सांगतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम बरंच सोपं होतं.

एसईबीसीवाल्यांसाठी: ते आरक्षण राज्यापुरतं आहे. एमसीसीत ते चालत नाही, तिकडे खुला प्रवर्ग. निकषांत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढून तिकडे वापरता येतं. म्हणजे दोन रांगांत तुमचा प्रवर्ग वेगळा असू शकतो, आणि शक्यता मोजतानाही दोन वेगळी गणितं करावी लागतात.

हिरवा_चाफा

हा धागा कुणीतरी वर ठेवा. माझा भाचा पुढच्या वर्षी बसतोय.

एक उपप्रश्न: मुलाची दहावी कर्नाटकातून आणि बारावी महाराष्ट्रातून असेल तर ८५ टक्क्यांत धरतात का?

सदानंद_मास्तर

सर्वसाधारण नियम दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि सोबत अधिवास प्रमाणपत्र असा आहे. केंद्र सरकारी कर्मचारी, सैन्यदलातले कर्मचारी अशांच्या मुलांना सवलती आहेत, त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा. भाच्याचे वडील बदलीच्या नोकरीत असतील तर आत्ताच बदलीचे आदेश जपून ठेवा.

मृणाल_का

ओएमआर काढून अथर्वने सांगितलं तसं बघितलं. जीवशास्त्र चांगलं आहे, गळती बहुतेक भौतिकशास्त्रात. मुलीशी बोलून असं ठरवलं आहे: सरकारी कोणतंही मिळालं, गडचिरोली असो की हिंगोली, तर ती जाणार. सरकारी नाही मिळालं तर आम्ही दोन खासगी कॉलेजं प्रत्यक्ष ओपीडीत बसून बघणार आणि फीमाफीत बसणारं असेल तरच घेणार. तेही नाही जमलं तर रिपीट, आणि ते तिने स्वतः म्हटलं आहे. डीम्डचा विषय बंद. प्रेडिक्टरची अ‍ॅप्स तिने काल स्वतःच काढून टाकली.

जात वैधता आहे. नॉन-क्रिमिलेअर गेल्या वर्षी काढलेलं आहे, ते चालेल ना?

गणेश_ल

त्यावरची तारीख बघा. ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असेल तर राज्याच्या प्रवेशाला चालेल. ३१ मार्च २०२५ असेल तर उद्याच सेतू केंद्रात जा, कारण आता तिथे गर्दी सुरू होईल. आणि एमसीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं लागतं, दोन्हीचे अर्ज एकाच खेपेत देऊन टाका.